नकाशा कोणी वाचावयाचा?

आमच्या पंचक्रोशीत शहराकडून येणाऱ्या सडकेला लागून पाच एकरांचा एक गट आहे. तो आता बिनशेती होऊन त्यात घरांचे प्लॉट पडावयाचे आहेत. रेखांकनाचा नकाशा मंजुरीसाठी सरकारी कचेरीत दाखल झाला आहे. त्याची एक प्रत मिळवून गावातील काही मंडळी शाळेत आली आणि म्हणाली, "गुरुजी, हे काय लिहिलंय ते आम्हाला वाचून दाखवा." आम्ही तो नकाशा ओसरीवर पसरला, शेजारी भूमी अभिलेख कचेरीतून आणलेला गटनकाशा ठेवला आणि सगळ्यांदेखत वाचला. जे दिसले ते बहुजनसमाजापुढे मांडणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. कारण असा नकाशा आमच्याच गावात पसरला आहे असे नाही. महाराष्ट्रातील प्रत्येक वाढत्या शहराच्या वेशीवर तो रोज पसरला जात आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. नवी घरे होऊ नयेत असे आमचे मुळीच म्हणणे नाही. आमच्याच शाळेतून शिकून गेलेली मुले शहरात एका खोलीत सहा सहा जण राहतात. त्यांना हक्काचे छप्पर मिळावे, ही इच्छा आमच्याइतकी कोणाची असेल? शिवाय ज्याची जमीन आहे त्याने ती विकू नये, असे सांगणारे आम्ही कोण? सोयाबीनला भाव नाही, उसाचे बिल वेळेवर नाही, मुलीचे लग्न तोंडावर आहे, अशा शेतकऱ्यास गुंठ्याचा भाव ऐकून मोह पडला तर त्यास दोष देण्याचे धैर्य आम्हास नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. नकाशा मंजूर होण्यापूर्वी तो कोणी वाचावयाचा? ज्याने काढला त्याने आणि ज्याने शिक्का मारावयाचा त्याने, एवढ्या दोघांनीच काय?

आता नकाशात काय दिसले ते ऐका.

पहिली गोष्ट वाटेची. या गटाच्या पलीकडे बौद्ध व मातंग बांधवांची पन्नासेक घरे आहेत. तेथील मुले शाळेत येतात ती या शेताच्या कडेच्या पाऊलवाटेने. त्याच वाटेने त्यांची मयते स्मशानाकडे जातात. गटनकाशावर ही वाट तुटक एकेरी रेषेने दाखविलेली आहे. ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी ध्यानात ठेवावे की गावाच्या नकाशात तुटक दुहेरी रेषा म्हणजे गाडीमार्ग, त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. आणि तुटक एकेरी रेषा म्हणजे पायमार्ग, त्याची रुंदी सव्वाआठ फूट. नव्या रेखांकनात ही रेषाच नाही. जेथे वाट आहे तेथे प्लॉट क्रमांक १७ व १८ उभे आहेत. कोणी वाट अडविली नाही, कोणी काटे टाकले नाहीत, कोणी शिवी दिली नाही. फक्त एक रेष काढावयाची राहिली. पन्नास घरांची वाट इतक्या शांतपणे नाहीशी होऊ शकते!

दुसरी गोष्ट मोकळ्या जागेची. २०२० च्या डिसेंबरात राज्य सरकारने बहुतेक महाराष्ट्रासाठी जी एकत्रित विकास नियमावली मंजूर केली, तिच्याप्रमाणे एक एकराच्या सुमाराच्या वरच्या, म्हणजे ०.४ हेक्टर व त्याहून मोठ्या रेखांकनात शेकडा दहा जागा सर्वांसाठी मोकळी सोडावी लागते. पाच एकर म्हणजे दोनशे गुंठे. त्यांतील वीस गुंठे मोकळे. हिशेब बरोबर आहे. पण हे वीस गुंठे आहेत कोठे? नकाशाचे प्रमाण एकास पाचशे. सातवीच्या मुलांकडून आम्ही पट्टीने मोजून घेतले. कागदावर पट्टी निघाली दोन सेंटिमीटर रुंद आणि चाळीस सेंटिमीटर लांब. पोरांनीच पाटीवर गुणाकार करून सांगितले की ही दहा मीटर रुंद व दोनशे मीटर लांब जागा झाली. म्हणजे गटाच्या एका अंगाने जाणारी ओढ्याची उतरती दरड! आषाढात तेथे पाणी असते आणि उन्हाळ्यात बाभळीचे काटे. एका मुलाने विचारले, "गुरुजी, इथं क्रिकेट कसं खेळायचं?" कायद्याचा आकडा भरला, कायद्याचा हेतू मात्र ओढ्यात गेला.

तिसरी गोष्ट पाण्याची. घरांचे सांडपाणी व पावसाचे पाणी कोणत्या बाजूने जाईल हे नकाशात बाणाने दाखविले आहे. तो बाण कागदाच्या कडेला येऊन संपतो. पाणी मात्र कागदाच्या कडेला संपत नाही. ते पुढे उताराने त्याच पन्नास घरांच्या विहिरीकडे जाते. ओढ्याचे पात्रही नकाशात जागोजाग आवळले आहे. ओढा आवळला म्हणजे काय होते, हे पुण्याने पाहिले आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्यास पूर आला आणि पुणे व आसपास त्या पावसात वीसांहून अधिक माणसे दगावली. मेलेल्यांत ओढ्याच्या कडेला राहणारी, भिंतीच्या आडोशाने संसार मांडलेली गरीब माणसे होती. ओढा कागदावर आवळणारे त्या रात्री आपल्या घरी सुखरूप होते.

या तीन गोष्टी काढावयास आम्हास कोणतीही मोठी विद्या लागली नाही. एक पट्टी, एक गटनकाशा आणि त्या जागेवरून रोज चालणारी चार माणसे, इतक्यावर काम झाले. मग प्रश्न पडतो की कचेरीस हे का दिसू नये?

याचे उत्तर मंजुरीच्या रीतीत आहे. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यान्वये सबंध शहराचा विकास आराखडा तयार होतो तेव्हा तो प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. परंतु एका एका गटाचे रेखांकन मंजूर करताना शेजाऱ्यापाजाऱ्यास बोलावून त्यांचे म्हणणे ऐकण्याची सक्ती नाही. जमीनमालकाचा वास्तुशिल्पकार नकाशा काढतो, नगररचना खाते तो तपासते, तात्पुरती मंजुरी मिळते, मग मोजणी होऊन खुणा रोवल्या जातात आणि शेवटी अंतिम मंजुरी होते. सर्व प्रकरण फायलीत. आराखडा हे आकाश झाले; माणूस राहतो जमिनीवर. आकाशाबद्दल आमचे मत विचारावयाचे आणि पायाखालच्या जमिनीबद्दल विचारावयाचे नाही, हा कोठला न्याय? कचेरीतील कामगार वाईटच असतात असे आम्ही म्हणत नाही. पण त्यांच्यापुढे जो कागद येतो, त्यात जे काढलेच नाही ते त्यांना कसे दिसावे? जे वगळले गेले ते फक्त त्या वाटेने चालणाऱ्यालाच ठाऊक असते.

लेखणीने रयतेला बुडविण्याचा धंदा या देशात नवा नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला, तो अज्ञानी कुणब्यास कागदाच्या जोरावर नागविणाऱ्या कामगारांचे पितळ उघडे करण्यासाठी. करवीरकर शाहू छत्रपतींनी १९१८ साली कुळकर्ण्यांची वतने नाहीशी करून तलाठी नेमले, तेही याच कारणासाठी. गावचे दप्तर एकाच जातीच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या राहिले, म्हणजे दप्तरात काय लिहिले आहे हे गावाला कधीच कळत नाही. त्याच शाहू महाराजांनी वडिलांच्या नावाने जयसिंगपूर वसविले. सरळ, एकमेकांस काटकोनात छेदणारे रस्ते आधी आखले आणि मग पेठ उभी केली. नकाशा वाईट नव्हे. नकाशा कोणाच्या हितासाठी काढला, एवढेच पाहावयाचे असते.

पण आज येथे एक कडू गोष्ट लिहिणे आम्हास भाग आहे. पूर्वी दप्तर कुळकर्ण्याच्या हाती होते म्हणून आमच्या वडीलधाऱ्यांनी भटशाहीच्या नावाने बोटे मोडली, आणि ते योग्यच होते. आज प्लॉट पाडणारे कोण आहेत? पुष्कळ ठिकाणी आमचेच भाऊबंद. बागाईतदार आमचा, पुढारी आमचा, दलाल आमचा, माती भरणाऱ्या ट्रॅक्टरचा मालकही आमचाच. व्यासपीठावर हेच लोक फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेतात, आणि बौद्धवाडीची वाट प्लॉट क्रमांक १७ खाली गाडतात. तेव्हा जुन्या शत्रूला शिव्या देऊन आता भागणार नाही. कुळकर्णी गेला, परंतु कुळकर्णीपण राहिले, आणि ते आमच्याच घरात बिऱ्हाडास आले आहे.

कोणी म्हणेल, नकाशात मोकळी जागा तर आहे ना? नंतर बघू. या "नंतर"वर आमचा विश्वास नाही. रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले ठरले. महाडच्या नगरपालिकेने त्याप्रमाणे चवदार तळे खुले केल्याचे जाहीरही केले. तरी त्या पाण्यास हात लागण्यासाठी बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजी हजारो लोकांसह तळ्यावर जावे लागले, आणि त्या दिवशी लोकांची डोकी फुटली. कागदावर खुले आणि जमिनीवर बंद, हा आमचा जुना अनुभव आहे. रेखांकनातील खुल्या जागेचेही तेच होते. प्रथम तेथे विटा-वाळू पडते, मग पत्र्याची खोली, मग कोणा देवाचे नाव पुढे करून ओटा, आणि दहा वर्षांनी ती जागा कोणाची होती हे सांगणारा कोणी उरत नाही. मालकाने ती न विकण्याची हमी लिहून दिलेली असते. पण ती हमी फायलीत असते आणि फाईल कचेरीत असते.

लोकांनी मात्र नेट धरला तर न्याय मिळतो, हेही सांगितले पाहिजे. बंगळूर शहरात एका वसाहतीच्या नकाशात बागेसाठी राखलेली जागा एका खाजगी न्यासास दवाखान्यासाठी देण्यात आली होती. तेथील रहिवासी कोर्टात गेले. तुम्हाला यात बोलण्याचा अधिकार काय, असे त्यांना विचारण्यात आले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की बागेची जागा ही त्या भागात राहणाऱ्यांच्या हिताची असून तिच्यासाठी दाद मागण्याचा त्यांना अधिकार आहे, आणि ती देणगी रद्द केली. परंतु वाचकहो, हे सर्व सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन! आमच्या वाडीतील म्हातारी दिल्लीस कशी जाणार? तिच्यासाठी न्याय चावडीवर, शिक्का पडण्यापूर्वी झाला पाहिजे.

मंजूर रेखांकनाचे हे हाल, तर मंजुरीशिवाय पाडलेल्या गुंठेवारीचे काय सांगावे? शेतीचे तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ साली कायदा झाला. तो चुकविण्यासाठी पाच-दहा गरिबांनी मिळून एक तुकडा घ्यावयाचा, सातबाऱ्यावर सामाईक नावे लावावयाची आणि चुन्याच्या फक्कीने वाटण्या करावयाच्या, अशी रीत पडली. मंजूर प्लॉट परवडत नाही म्हणून गिरणीतला, गवंडीकामावरचा, हमालीवरचा माणूस तेथे जातो. सरकारने २००१ साली कायदा करून १ जानेवारी २००१ पूर्वीची गुंठेवारी नियमित करण्याची सोय केली. २०२१ साली ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविली. गरिबाचे घर वाचले, हे चांगलेच झाले. पण शुल्क भरून कागद नियमित होतो. सहा फुटांचा बोळ शुल्क भरून रुंद होत नाही. तेथे आग लागली तर बंब शिरत नाही, बाळंतीण अडली तर गाडी शिरत नाही. जागा सोडावयाची वेळ एकदाच येते, ती म्हणजे नकाशा काढतानाची. ती चुकली की पुढच्या तीन पिढ्या ती चूक भोगतात.

आमच्या म्हणण्यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की खेडवळांना नकाशा काय कळतो? याला उत्तर आमच्या सातवीच्या मुलांनी पट्टी हातात घेऊन दिलेच आहे. ज्या बाईने तीस वर्षे त्या बांधावरून डोक्यावर हंडा नेला, तिला उतार कोणत्या बाजूस आहे हे सांगावयास पदवी लागत नाही. मुलींना शिकविले तर काय होईल, असे विचारणारे १८४८ सालीही पुण्यात होतेच. दुसरा आक्षेप असा की लोकांना विचारीत बसले तर उशीर होईल, घरे महाग होतील. एक महिन्याने घर महाग होते, आणि वीस वर्षे चिखलातून चालल्याने ते स्वस्त पडते, असे ज्यांना वाटते त्यांनी एक पावसाळा आमच्या वाडीत काढावा.

यास्तव सरकारकडे आमची मागणी चारच कलमांची आहे. एक, कोणत्याही रेखांकनास तात्पुरती मंजुरी देण्यापूर्वी त्याचा नकाशा मराठीत, गटनकाशावर बसवून, ग्रामपंचायतीत व चावडीवर एक महिना लावावा. दोन, स्थळपाहणीचा दिवस दवंडी पिटून आधी कळवावा आणि ती लोकांसमक्ष करावी. तीन, मोकळी जागा सपाट, रस्त्यालगत व वापरण्याजोगी असल्याखेरीज ती शेकडा दहात धरू नये. तिच्या चारी कोपऱ्यांस दगड रोवावेत आणि सातबाऱ्यावर ती सर्वांची म्हणून नोंदवावी. चार, जुनी वहिवाट व ओढा नकाशात दाखविला नसेल तर नकाशा तेथेच परत करावा.

सरकार ऐकेल तेव्हा ऐकेल. तोपर्यंत बंधूंनो, आपल्या हाती जे आहे ते वापरा. २००५ च्या माहिती अधिकाराने रेखांकनाची प्रत मागता येते. भूमी अभिलेख कचेरीत गटनकाशा मिळतो. प्लॉट घेणाऱ्याने महारेरावर प्रकल्पाची नोंद व नकाशा पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. २०१६ च्या त्या कायद्याने दोन तृतीयांश घेणाऱ्यांच्या लेखी संमतीवाचून मंजूर नकाशा बदलता येत नाही, हे पक्के ध्यानात ठेवावे. वहिवाटीची वाट अडविली तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याने तहसीलदाराकडे दाद मागता येते. पण अडविल्यापासून सहा महिन्यांच्या आत. सातव्या महिन्यात रडून उपयोग नाही.

शेवटी स्वतःबद्दल एक सांगतो, कारण दुसऱ्यास उपदेश करणाऱ्याने आपली चूक झाकू नये. काही वर्षांपूर्वी सडकेच्या दुसऱ्या अंगास असेच प्लॉट पडले. तेव्हाही नकाशा आमच्या दृष्टीस पडला होता आणि त्यातील गोम आमच्या लक्षात आली होती. त्याच सुमारास प्लॉट पाडणाऱ्याने शाळेला दहा बाके दिली. आम्ही आभाराचे पत्र लिहिले आणि गप्प बसलो. आज त्या वसाहतीचे सांडपाणी ज्या घरांपुढून वाहते, तेथील दोन मुले त्याच बाकांवर बसतात. पावसाळ्यात ती चिखलाने माखून उशिरा येतात, तेव्हा उशिराचे कारण विचारण्याचे तोंड आम्हास राहत नाही.

या वेळी गप्प बसावयाचे नाही असे ठरविले आहे. गेल्या ग्रामसभेत वाट, ओढा व मोकळी जागा या तीन गोष्टींवर हरकतीचा ठराव झाला. दोन पुढारी उठून गेले. पण ठराव झाला. बौद्धवाडीच्या बायांनी अंगठे नव्हे, सह्या केल्या. गटनकाशाची प्रत जोडून तो कचेरीत दिला आहे व त्याची पोच आमच्यापाशी आहे. पुढे काय होते ते याच पत्रातून कळवू. ज्या गावात असा नकाशा आला असेल, त्या गावच्या मास्तरांनी तो शाळेच्या ओसरीवर पसरावा आणि पट्टी मुलांच्या हाती द्यावी, एवढीच आमची विनंती आहे.